पार्श्वभूमी : वीस फुटांची मर्यादा आणि दहावा थर

सेफ्टी बेल्ट आले नि गोविंदातली मर्दुमकी गेली, अशी हळहळ ठाण्यात दर गोकुळाष्टमीला ऐकू येते. दहीहंडीच्या थरांचा इतिहास वेगळंच सांगतो.

टेंभी नाक्याच्या हंडीला आनंद दिघ्यांनी नाव मिळवून दिलं. पुढे राजकीय मंडळींच्या हंड्या वाढल्या, बक्षिसं लाखांत गेली आणि पथकं मुंबईहून ट्रक भरभरून ठाण्याकडे येऊ लागली. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यातच नऊ थर रचले. उंची १३.३४ मीटर, गिनीज बुकात नोंद.

उंचीबरोबर जखमीही वाढत होते. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंचीला वीस फुटांची आणि गोविंदांच्या वयाला किमान अठरा वर्षांची मर्यादा घातली. वीस फूट म्हणजे जेमतेम चार थर! त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, पण २०१६ मध्ये दोन्ही अटी कायम केल्या. तेव्हा मनसेने ठाण्यात ४९ फुटांवर हंडी बांधून सरळ कायदेभंग केला. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची अट काढली, वयाची चौदावर आली.

तोवर क्रेनवरून सोडलेली दोरी सवयीची झाली होती. सगळ्यात वरच्या पोराच्या कमरेला पट्टा, दोरीचं दुसरं टोक खाली पथकातल्या जाणत्या माणसाच्या हातात. मनोरा ढासळला की पोरगं हवेत लटकतं. मधले थर मात्र अजूनही एकमेकांच्या अंगावरच कोसळतात. त्यांना दोरी नाही. म्हणून ‘आता काय, सगळं सेफ’ असं म्हणणाऱ्याला एकदा तिसऱ्या थरावर उभं करावं.

२०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, विम्याचं कवचही आलं. आणि २०२५ मध्ये कोकण नगर पथकाने ठाण्यात दहा थर लावले. दोरीने धाडस खाल्लं असतं, तर दहावा थर लागलाच नसता.

आटलं ते दुसरंच. गुरुपौर्णिमेपासून सराव, हेल्मेट, विम्याची यादी, ट्रक हे सगळं मोठ्या पथकांना झेपतं. चाळीतली, आयत्या वेळी जमलेल्या पोरांची हंडी यात कुठेच बसत नाही. तिथल्या पोराला आता थर बघायचे तर बॅरिकेडपलीकडून, नाहीतर मोबाइलवर.