'वर्णन करा' आणि 'स्पष्ट करा'

वह्या तपासताना एक उत्तर मला पुन्हा पुन्हा भेटतं. प्रश्न असतो, 'बर्फ पाण्यावर का तरंगतो ते स्पष्ट करा.' उत्तर येतं, 'बर्फ थंड व घन असतो. तो पाण्यात टाकला की वर येतो. त्याचा बराचसा भाग पाण्याखाली असतो, थोडाच वर दिसतो.' वाक्यं बरोबर, अक्षर सुरेख, पण 'का' तसाच राहिला. मुलाने मनापासून वर्णन लिहिलंय आणि गुण मात्र कापले जाणार, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण हा फरक त्याला बहुधा कुणी उलगडून दाखवलेलाच नसतो.

दोन्ही ओळखायची माझी एक साधी युक्ती आहे. उत्तरातल्या कुठल्याही दोन वाक्यांची अदलाबदल करून वाचायची. वरच्या उत्तरात पहिलं वाक्य शेवटी नेलं तरी काही बिघडत नाही. वर्णनाचं असंच असतं, वाक्यं शेजारीशेजारी बसलेली असतात. आता हे पाहा: पाणी थंड होताना आकसतं, पण साधारण ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याखाली गेलं की उलट फुगू लागतं. गोठताना त्याचे रेणू षटकोनी जाळीत बांधले जातात आणि त्या जाळीत मोकळी जागा राहते. त्यामुळे तेवढंच पाणी बर्फ झाल्यावर सुमारे ९ टक्के जास्त जागा व्यापतं. वस्तुमान तेच, आकारमान जास्त, म्हणून घनता कमी. आणि घनता पाण्यापेक्षा कमी म्हणून तो तरंगतो. यातली जाळी शेवटी नेऊन बघा, सगळं कोसळतं.

'म्हणून' आणि 'कारण' पेरले की स्पष्टीकरण होतं, असंही मुलांना वाटतं. 'बर्फ हलका असतो म्हणून तरंगतो' हे वाक्य ऐकायला ठीक वाटतं. पण लाखो टनांचा हिमनग तरंगतो आणि मुठीतला दगड बुडतो, तेव्हा 'हलका' म्हणजे नेमकं काय? हा प्रश्न वर्गात विचारावा. मुलं स्वतःच घनतेपर्यंत येतात.

वर्णन कमी प्रतीचं, असं मात्र मुळीच नाही. जे नीट पाहिलंच नाही, त्याचं कारण कसं शोधणार? बर्फाचा थोडाच भाग वर दिसतो, हे त्या मुलाने अचूक टिपलंय.

लेखनाची तयारी मात्र दोन्हींची वेगळी. वर्णनाला मुद्दे काढले की पुरतं: रंग, आकार, जागा, क्रम. स्पष्टीकरणाचा आराखडा मी शेवटाकडून करायला लावते. कागदाच्या तळाशी उत्तर एका वाक्यात लिहायचं, 'बर्फाची घनता पाण्यापेक्षा कमी असते.' त्याच्या वर 'का?' लिहायचं, त्याचं उत्तर त्याच्याही वर. असं चढत जायचं आणि लिहायला बसताना वरून खाली उतरायचं.

किती वर चढायचं, हे वाचणारा कोण आहे त्यावर ठरतं. दहा वर्षांच्या भावंडाला 'गोठल्यावर पाणी जास्त जागा घेतं' एवढं पुरे. घनता शिकलेल्याला जाळी हवी. त्यापुढच्याला हायड्रोजन बंधही, म्हणजे पाण्याच्या रेणूंना एकमेकांशी जोडणारी ओढही, सांगावे लागतील. म्हणून आराखड्याच्या कोपऱ्यात 'कुणासाठी' हे आधी लिहून घ्यावं. ही एक ओळ टाळली की मुलं एक तर फार लवकर थांबतात, नाहीतर पुस्तकातली सगळी माहिती ओततात.

तपासताना मी 'अपूर्ण' असा शेरा आता मारत नाही. जिथे साखळी तुटते, त्या वाक्यापाशी समासात फक्त 'का?' लिहिते. परवा एका मुलीची वही परत आली. माझ्या 'का?'चं उत्तर तिने लिहिलं होतंच, आणि 'जाळीत मोकळी जागा राहते' या वाक्यापाशी स्वतःच्या पेन्सिलीने आणखी एक 'का?' लिहून खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या होत्या.