लांब उडी आणि जुना पत्ता

जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजांत आमच्यापैकी अनेक जण सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले ते डॉस या जुन्या प्रणालीवरच्या टर्बो सीवर. तिथे थ्रेडच, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये शेजारी शेजारी चालणारे कामाचे धागेच नव्हते, त्यामुळे सेटजम्प-लाँगजम्प या फंक्शनांची जोडी गरीब वाटायची. सेटजम्प रजिस्टर (प्रोसेसरमधले झटपट कप्पे) आणि स्टॅकची (फंक्शनच्या कॉलांची चळत) जागा नोंदवून ठेवतो. पुढे काही बिनसलं की लाँगजम्प पाच फंक्शनं ओलांडून थेट तिथे परत.

१९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही ही जोडी होती. मग कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारे, व्हेरिएबल आपणहून रजिस्टरमध्ये ठेवू लागले आणि घोळ सुरू झाला: उडी मारली की रजिस्टरमधली किंमत सेटजम्पच्या वेळची, जुनी होते. सीच्या १९८९च्या प्रमाणकानं यावर हात वर केले. सेटजम्पनंतर बदललेलं स्थानिक व्हेरिएबल व्होलाटाइल ('दरवेळी मेमरीतूनच वाच' अशी खूण केलेलं) नसेल, तर उडीनंतर त्याची किंमत काय असेल याची हमी नाही. ठिबकच्या व्हॉल्व्हवर नजर ठेवणाऱ्या माझ्या प्रोग्राममध्ये ऑप्टिमायझेशन (कंपायलरनं कोड वेगवान करणं) चालू केलं की प्रयत्नांची मोजणी पुन्हा शून्यावर यायची. दोन दिवस मी कंपायलरला शिव्या घातल्या. शेजारचा मित्र म्हणाला, "कंपायलरले काय नावं ठेवस?" चूक माझीच होती.

थ्रेड आल्यावर मात्र दोष कुणाचा, हे इतकं सरळ राहिलं नाही. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीचं पॉझिक्स थ्रेडचं प्रमाणक १९९५चं. एका थ्रेडनं नोंदवलेल्या जागी दुसऱ्यानं उडी मारू नये, हे त्यातलं पथ्य. पण को-रूटीन, म्हणजे मध्येच थांबून नंतर तिथूनच पुढे चालणारी फंक्शनं, लिहिणारे नेमकं तेच करतात: एका थ्रेडवर थांबलेलं काम दुसऱ्यावर सुरू करतात. भुसावळला डबा नागपूरच्या गाडीतून काढून इटारसीच्या गाडीला जोडावा, तसं. कंपायलर धरून चालतो की फंक्शनच्या अधेमधे गाडी बदलत नाही. म्हणून थ्रेडच्या खासगी व्हेरिएबलचा पत्ता तो एकदाच काढतो आणि उडीनंतरही तोच वापरतो. चुकीचा क्रमांक ठेवणाऱ्या एर्नोचंही तसंच: जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीमध्ये त्याचा पत्ता देणाऱ्या फंक्शनवर 'कॉन्स्ट' असा शिक्का आहे, म्हणजे पुन्हा विचारायची गरज नाही!

मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरनं फायबरसाठी (विंडोजवरचा को-रूटीनसारखाच प्रकार) 'जीटी' हा वेगळा पर्याय दिला. जीसीसी हा मुक्त कंपायलर वापरणाऱ्यांना मात्र बगलवाटच शोधावी लागते. क्यूईएमयू या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधली को-रूटीन लिनक्सवर सिगसेटजम्प या सेटजम्पच्याच भावंडावर चालतात. तिथे २०२२ मध्ये थ्रेडचं व्हेरिएबल वाचायला-लिहायला छोटी, इनलाइन न होणारी (कॉलच्या जागी ज्यांचा कोड उतरवला जात नाही अशी) फंक्शनं केली, म्हणजे पत्ता दरवेळी नव्यानं निघतो. दर वाचनाला एका कॉलचा जादा खर्च पडतो, तो सोसून.