कॅनडाच्या सेंटवरचा हिंदुस्थानचा सम्राट

कॅनडाचा १९४६ चा एक सेंट आणि १९४८ चा एक सेंट तळहातावर शेजारी शेजारी ठेवा. मागच्या बाजूला दोन्हींवर मेपलची तीच डहाळी, तीच दोन पानं. पुढच्या बाजूला सहाव्या जॉर्जचा तोच बोडका चेहरा. आपल्याकडच्या रुपयावर हाच राजा मुकुट घालून बसलेला असे, कॅनडात तो मुकुटाविना आहे. आता भिंग घ्या आणि चेहऱ्याभोवतीची लॅटिन अक्षरं वाचा. ४६ च्या नाण्यावर नावापुढे आहे 'डी. जी. रेक्स एट इंड. इम्प.', म्हणजे देवाच्या कृपेने राजा आणि हिंदुस्थानचा सम्राट. ४८ च्या नाण्यावर हिंदुस्थान नाही, सम्राटही नाही. मोकळ्या झालेल्या जागेत 'डी. जी.' ही आद्याक्षरं उलगडून 'देई ग्राशिया रेक्स' असं ऐसपैस लिहिलं आहे.

संग्राहकाच्या लेखी ही दोन वेगळी नाणी आहेत. टाइप सेटमध्ये दोघांना दोन स्वतंत्र घरं द्यावी लागतात.

टाइप सेट म्हणजे काय ते आधी सांगतो. तारीखवार संग्रह करणारा प्रत्येक सालाचं नाणं शोधतो. टाइप सेट करणारा प्रत्येक छापाचं एकच नाणं घेतो, साल कुठलंही चालतं. चेहरा बदलला, मागचं चित्र बदललं, धातू किंवा आकार बदलला, राजाची बिरुदं बदलली, की नवा छाप. जुन्या माणसांच्या तोंडी 'राणीछाप' आणि 'राजाछाप' रुपये असत, ती याच पद्धतीची भाषा होती. कोणत्या सालचा हे त्यांनी कधी विचारलं नाही, छाप कुणाचा तेवढं पाहिलं. हौशी माणसाला ही वाट परवडते, कारण १९२१ च्या पन्नास सेंटसारखं दुर्मीळ नाणं त्याला लागतच नाही. त्या नाण्यांचा साठा पुढे टांकसाळीतच वितळवला गेला, हाताच्या बोटांवर नाही तरी मोजून संपतील एवढीच उरली, आणि त्याला 'कॅनडाच्या नाण्यांचा राजा' म्हणतात. टाइप सेटवाला त्याच छापाचं दुसऱ्या सालचं नाणं घेतो आणि पुढे जातो.

आता मुळाकडे. १८५८ पर्यंत कॅनडाच्या प्रांतात (म्हणजे आजच्या ऑन्टॅरिओ आणि क्वेबेकमध्ये) हिशोब पौंड-शिलिंगात, पण हातात मात्र स्पॅनिश डॉलर, अमेरिकी चांदी, इंग्रजी शिलिंग आणि बँकांची तांब्याची टोकनं असा सगळा खिचडी कारभार होता. तोच डॉलर हॅलिफॅक्सच्या भावाने पाच शिलिंगांचा आणि यॉर्कच्या भावाने आठ शिलिंगांचा. लंडनला वाटे की वसाहतींनी पौंडालाच धरून राहावं. फ्रान्सिस हिंक्ससारख्या कॅनडातल्या पुढाऱ्यांना दिसत होतं की व्यापार दक्षिणेच्या शेजाऱ्याशी आहे, तेव्हा हिशोबही डॉलर-सेंटाचा हवा. शेवटी दशमान पद्धत आली आणि १८५८ साली पहिली नाणी लंडनच्या रॉयल मिंटमध्ये पाडली गेली: ब्राँझचा एक सेंट, आणि चांदीचे पाच, दहा व वीस सेंट.

तो सेंट बरोबर एक इंच व्यासाचा. हातात घेतला की आपला ढब्बू पैसा आठवतो. १८५९ साली हे सेंट इतके पाडून घेतले की पुढची सतरा वर्षं नव्यांची गरज पडली नाही. विसाचं नाणं मात्र त्या एका सालापुरतंच राहिलं. हॅलिफॅक्सच्या शिलिंगाची किंमत वीस सेंट बसते, म्हणून ते काढलं होतं. पण गल्ल्यात अमेरिकेचं पंचवीस सेंटचं नाणं आधीच खेळत होतं आणि दोन्ही दिसायला सारखी, त्यामुळे लोक फसायला लागले. १८७० साली, वसाहतींचा राज्यसंघ झाल्यावर, पावली आली ती पंचवीस सेंटचीच. त्याच वर्षी अर्थमंत्री असलेल्या हिंक्स यांनी देशात साचलेली अमेरिकी चांदी गोळा करून बाहेर पाठवली आणि नवी नाणी येईपर्यंत लोकांच्या हातात पंचवीस सेंटच्या छोट्या नोटा दिल्या. टाइप सेट करणाऱ्यासाठी ते १८५८ चं वीस सेंट म्हणजे पहिली खरी परीक्षा, कारण इथे साल निवडण्याची सोय नाही. माझा सल्ला, झिजलेलं मिळालं तरी घ्या. राणीचा चेहरा आणि साल वाचता आलं की पुरे.

व्हिक्टोरिया १८७७ पासून हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणवली जात होती, पण कॅनडाच्या नाण्यांवर ती शेवटपर्यंत नुसती राणी राहिली. सातव्या एडवर्डपासून 'इम्पेरातोर' आलं. आणि १९११ साली पाचव्या जॉर्जच्या नाण्यांवर आपल्या देशाचं नाव स्पष्ट उमटलं, 'रेक्स एट इंड. इम्प.'. या १९११ च्या नाण्यांची गंमत अशी की बिरुदं बसवताना 'देवाच्या कृपेने' हे शब्दच गळले. कॅनडात ओरड झाली, त्या नाण्यांना 'देव नसलेली नाणी' असं नाव पडलं आणि १९१२ पासून देव परत आला. त्याच १९११ साली, कॅनडाच्या नाण्यांवरचा राजा घडवणाऱ्या बर्ट्रम मॅकेनल यांच्याच राजाच्या मुद्रेवरून हिंदुस्थानातही गलका झाला होता. रुपयावरच्या राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला आणि तो ठसा सुधारून घ्यावा लागला. एकाच शिल्पकाराचा एकच राजा, दोन देशांत दोन तऱ्हेने धार्मिक भावना दुखावून गेला. म्हणून कॅनडाच्या संचात १९११ ची नाणी एक वर्षाचा वेगळा छाप ठरतात. त्यातला सेंट स्वस्तात मिळतो, पन्नास सेंटसाठी खिसा मोकळा करावा लागतो.

ओटावाची टांकसाळ २ जानेवारी १९०८ रोजी उघडली. त्याआधी सगळी नाणी लंडनहून किंवा बर्मिंगहॅमच्या हीटन यांच्या कारखान्यातून येत. हीटनच्या नाण्यांवर 'एच' हे अक्षर असतं. ओटावाची टांकसाळसुद्धा सुरुवातीला रॉयल मिंटची शाखाच होती, १९३१ साली ती रॉयल कॅनेडियन मिंट झाली. शाखा असताना तिथे सोन्याचे सॉव्हरिनही, म्हणजे ब्रिटिश एक पौंडाची नाणी, पाडले जात. त्यांवर मागच्या घोडेस्वाराच्या पायाखाली, सालाच्या वर, बारीक 'सी' असतो. त्याच जागी 'आय' असलेला सॉव्हरिन दिसला तर तो आपल्या मुंबईचा. मुंबईच्या टांकसाळीतही रॉयल मिंटची शाखा चालली, पण थोडाच काळ, आणि तिथल्या सॉव्हरिनवर साल एकच, १९१८. सोन्याची नाणी बहुतेक हौशी संग्राहक संचातून वगळतात, तेही ठीकच. पण हे दोन सॉव्हरिन शेजारी शेजारी ठेवलेले पाहिले की कॅनडाच्या नाण्यांचा अभ्यास मराठी माणसाला परका का वाटत नाही ते कळतं.

पहिल्या महायुद्धानंतर चांदी कडाडली आणि १९२० पासून नाण्यांतली चांदी ९२.५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर आली. ढब्बू सेंटही त्याच वर्षी आटून अमेरिकी सेंटएवढा झाला. १९३६ च्या डिसेंबरात आठव्या एडवर्डने गादी सोडली, नव्या राजाचे ठसे वेळेवर तयार होईनात, म्हणून १९३७ च्या सुरुवातीला जुन्याच १९३६ च्या ठशांवर सालाखाली एक ठिपका देऊन काम भागवलं गेलं. १९३७ मध्ये मागची चित्रं एकदमच पालटली: मेपलची डहाळी, बीव्हर हा पाण्याकाठी बांध घालणारा प्राणी, ब्लूनोज नावाचं शिडाचं जहाज, कॅरिबू हे उत्तरेकडचं हरण. त्यांतली बरीचशी आजही चालू आहेत.

सगळ्यात जास्त घरं मागतो तो पाच सेंट. सुरुवातीला तो चांदीचा, इतका चिमुकला की बोटांतून निसटावा. १९२२ साली तो शुद्ध निकेलचा आणि मोठा झाला, कारण ऑन्टॅरिओतल्या सडबरीच्या खाणींत निकेल मुबलक. मग दुसरं महायुद्ध आलं आणि निकेल शस्त्रांकडे वळलं. १९४२ मध्ये पाच सेंट टोंबॅकचा झाला, म्हणजे ८८ टक्के तांबं आणि १२ टक्के जस्त. तो वापरून काळवंडला की सेंटसारखा दिसे, म्हणून त्याला बारा कोन दिले. अंधारातही बोटांना कळावं, ही सोय. ज्यांच्या घरात १९४३ नंतरचा भोकाचा पैसा आहे त्यांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. युद्धाने तिथे निकेल खाल्लं, इथे तांबं.

१९४३ चा पाच सेंट मिळाला तर भिंगाखाली जरूर धरा. बीव्हरच्या जागी विजयाचा मोठा 'व्ही' आणि त्यावर मशाल. थॉमस शिंगल्स यांनी तो ठसा हाताने कोरला. आणि काठावर नेहमीचे दाते नाहीत, त्यांच्या जागी बारीक ठिपके आणि रेघा आहेत. तो मोर्स कोड, म्हणजे तारायंत्राची लिपी आहे. अर्थ असा की आपण मनापासून राबलो तर जिंकू. नाणं गोल गोल फिरवत ते अक्षर अक्षर उकलायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास फार छान जातो. पुढच्या दोन वर्षांत हाच 'व्ही' क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादावर आला. १९४६ ला निकेल आणि बीव्हर परतले, बारा कोन मात्र १९६२ पर्यंत टिकले. मध्ये कोरियाच्या युद्धात पुन्हा पोलाद. एवढ्याशा नाण्याला चार धातू, गोल आणि बाराकोनी असे दोन आकार, चार-पाच चित्रं. टाइप सेटची गोडी कुणाला लावायची असेल तर त्याला फक्त पाच सेंट जमवायला सांगावं.

आणि मग १९४७. हिंदुस्थान स्वतंत्र झाला, तेव्हा 'इंड. इम्प.' काढणं भाग होतं. नवी बिरुदं असलेली ठशांची सामग्री लंडनहून यायची, ती लवकर येईना. इकडे बाजारात सुट्या पैशांची मागणी थांबत नव्हती. तेव्हा ओटावाने १९४८ मध्येही १९४७ चंच साल घातलेली जुनी नाणी पाडली आणि वेगळी ओळखू यावीत म्हणून सालाजवळ मेपलचं इवलंसं पान टाकलं. राजाने सम्राटपद औपचारिकरीत्या सोडलं ते २२ जून १९४८ रोजी. नवे ठसे उशिरा आल्यामुळे १९४८ सालची चांदीची नाणी थोडीच निघाली. डॉलर तर फक्त १८,७८०.

तो डॉलर टाइप सेटवाल्याला घ्यावा लागत नाही. तेच नवं बिरुद आणि मागे तीच वल्ही मारणाऱ्या दोघांची होडी १९५० ते १९५२ च्या डॉलरवरही आहे. (१९४९ चा वेगळा. न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं म्हणून त्यावर मॅथ्यू हे जहाज आहे.) काटेकोरपणे पाहिलं तर पानवाल्या १९४७ लाही स्वतंत्र घर नाही, तो केवळ उपप्रकार. इथे मी नियम मोडतो आणि आपल्या लोकांनीही मोडावा असं मला मनापासून वाटतं. सेंट आणि पंचवीस सेंट फार महाग नाहीत. १९४६, पानवाला १९४७ आणि १९४८ असे तीन सेंट ओळीने लावले, तर आपलं स्वातंत्र्य दुसऱ्या देशाच्या चिल्लरवर कसं उमटलं ते वाचता येतं.

त्यानंतरची वाट सोपी आहे. राणी एलिझाबेथचे चार चेहरे, १९५३, १९६५, १९९० आणि २००३ सालांपासूनचे. १९६७ साली राज्यसंघाच्या शताब्दीला चित्रकार अ‍ॅलेक्स कोलव्हिल यांनी काढलेले पारवा, ससा, मासा, रानमांजर, लांडगा आणि हंस, ही माझ्या मते कॅनडाची सगळ्यात सुंदर मालिका. १९६८ मध्ये चालू नाण्यांतली चांदी संपली. १९८६ साली होडीवाल्या डॉलरचे मूळ ठसे ओटावाहून विनिपेगला जाताना वाटेत हरवले, ते आजवर सापडले नाहीत, म्हणून १९८७ च्या नव्या डॉलरवर लून पक्षी आला आणि लोक त्याला 'लूनी' म्हणू लागले. शेवटचा सेंट ४ मे २०१२ रोजी विनिपेगला पाडला गेला. २०२३ पासून तिसऱ्या चार्ल्सच्या चेहऱ्याभोवती पुन्हा 'डी. जी. रेक्स' आलं आहे, पण सेंटच्या ओळीत त्याच्यासाठी घर करावं लागत नाही.