वर्दीच्या वहीतील भरवशाचे आणि बिनभरवशाचे रकाने

नाशिकच्या शिंगाडा तलावाजवळील अग्निशमन मुख्यालयात आगीची वर्दी आली, की बंब बाहेर पडत असतानाच तिची नोंद सुरू झालेली असते. वर्दी किती वाजता आली, कोणी दिली, ठिकाण कोणते, बंब केव्हा निघाला, केव्हा पोहोचला, आग केव्हा आटोक्यात आली, गाडी केव्हा परतली, कारण काय आणि नुकसान किती, हे रकाने देशातील बहुतेक शहरांत थोड्याफार फरकाने सारखेच असतात. सामान्य नागरिकाचा या वहीशी संबंध येतो तो बहुधा विम्याच्या दाव्यासाठी दाखला काढताना. परंतु अशा नोंदी वर्षानुवर्षे साठत गेल्या, की त्यांतून शहरातील आगींचा शास्त्रीय अभ्यास करता येतो. मात्र त्यासाठी कोणत्या रकान्यावर किती विसंबावे हे आधी ठरवावे लागते.

सर्वांत भरवशाच्या असतात त्या घड्याळातील वेळा, आणि शास्त्रज्ञांना त्यांचे मोलही सर्वांत जास्त वाटते. सुरुवातीच्या काळात आगीतून बाहेर पडणारी उष्णता वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे अग्निसुरक्षा अभियांत्रिकीत गृहीत धरले जाते. मध्यम वेगाने वाढणारी आग साधारण ५ मिनिटांत १ मेगावॉट उष्णता देऊ लागते, म्हणजे इंधन आणि हवा पुरेशी असल्यास १० मिनिटांनी ती ४ मेगावॉटवर गेलेली असते. वेळ दुप्पट झाली, तर आग चौपट होते. मग केंद्रे वाढवून बंब लवकर का पोहोचवू नयेत? याचे उत्तर न्यूयॉर्क शहराच्या अग्निशमन नोंदींवर काम करणाऱ्या पीटर कोलेसार आणि एडवर्ड ब्लम यांनी १९७३ मध्ये मांडले. बंबाला कापावे लागणारे सरासरी अंतर हे ठराविक क्षेत्रातील उपलब्ध केंद्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, असा त्यांचा नियम आहे. अंतर निम्मे करायचे, तर केंद्रे चौपट हवीत. सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरलेल्या नाशिकसारख्या महापालिका क्षेत्रात हा हिशेब किती महागात पडतो, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच नवे केंद्र कोठे उभारावे, हा निर्णय नकाशावर बोट ठेवून घेण्याऐवजी जुन्या वर्दींच्या ठिकाणांवरून घेणे शहाणपणाचे ठरते.

तरीही ‘पोहोचण्याची वेळ’ या रकान्यात एक फट राहते. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत बंब थेट कारखान्याच्या फाटकाशी उभा राहू शकतो. सराफ बाजार किंवा भद्रकालीच्या जुन्या वस्तीत मात्र तो गल्लीच्या तोंडाशी थांबतो. तेथून नळ्या एकमेकींना जोडत, दुचाकी आणि हातगाड्या बाजूला सारत, सागवानी तुळया आणि लाकडी जिन्यांच्या वाड्यापर्यंत पाणी न्यावे लागते. वहीत बंब पोहोचलेला असतो, पाणी पोहोचलेले नसते. पहिला फवारा प्रत्यक्ष आगीवर केव्हा पडला, हा रकाना वेगळा ठेवला, तर गावठाण आणि नव्या वसाहतींमधील खरा फरक आकड्यांत उमटेल.

सर्वांत बिनभरवशाचा रकाना म्हणजे कारणाचा. तेथे ‘शॉर्ट सर्किट’ हे दोन शब्द इतक्या सहजपणे येतात, की वाचणाऱ्याला सगळी शहरे केवळ तारांमुळेच जळत असावीत असे वाटावे. वीज हे आगीचे एक मोठे कारण आहेच. सैल जोडणीजवळ तार तापते, आणि ठरावीक तारेतून दुप्पट प्रवाह गेला तर उष्णता चौपट निर्माण होते. पण शॉर्ट सर्किट हा आगीचा परिणामही असू शकतो. आग उदबत्तीने लागो वा शेगडीने, तिच्या धगीने तारांचे प्लास्टिकचे आवरण जळते, उघड्या तारा एकमेकींना टेकतात आणि ठिणगी उडते. त्या ठिणगीने वितळलेल्या तांब्याचा छोटा मणी तारेच्या टोकाशी तयार होतो, आणि वितळलेला व न वितळलेला भाग यांच्यातील सीमा स्पष्ट दिसते. तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने केवळ आगीच्या उष्णतेनेही तार वितळू शकते. तेव्हा ती बरीच लांबवर ओघळलेली आणि कमीजास्त जाडीची दिसते. यावरून एवढेच म्हणता येते, की मणी सापडला तर आग पोहोचली तेव्हा तारेत वीज होती. आग तेथूनच सुरू झाली, हे त्या मण्यावरून सिद्ध होत नाही. मदतकार्य आटोपून थकून परतलेल्या अधिकाऱ्याने रात्री भरलेल्या रकान्यात इतका बारकावा मागणे अन्यायाचे होईल, परंतु ‘प्राथमिक अंदाज’ आणि ‘तपासाअंती कारण’ असे दोन रकाने करणे अवघड नाही. ‘कारण निश्चित नाही’ ही नोंदही अभ्यासकाला चुकीच्या कारणापेक्षा अधिक उपयोगी पडते.

वर्दींच्या संख्येबद्दलही घाई करू नये. आगी एकमेकींपासून स्वतंत्र असतील आणि शहरात दिवसाला सरासरी ३ वर्दी येत असतील असे समजू. फ्रेंच गणिती प्वासाँ यांच्या सूत्रानुसार वर्षातील सुमारे १८ दिवस एकही वर्दी येणार नाही आणि सुमारे ३० दिवस ६ किंवा त्याहून अधिक येतील. हे सारे निव्वळ योगायोगाने. एका दिवशी सहा ठिकाणी आग लागली, की घातपाताची कुजबुज सुरू होते. ती खरीही असू शकते, पण वहीतील आकडा एकटा तिचा पुरावा नव्हे. उलट फेब्रुवारी ते मे या काळात सुकलेल्या गवताच्या वर्दी दरवर्षी वाढत असतील, तर तो योगायोग नसून ऋतूचा परिणाम आहे आणि त्याची तयारी आधी करता येते.

काही घटना तर रकान्यांत मावतच नाहीत. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे मिरची चौकात अपघातानंतर खासगी बस पेटली आणि १२ जणांचा मृत्यू झाला. ती नोंद वाहनाच्या आगीत धरायची की रस्ते अपघातात? २१ एप्रिल २०२१ रोजी झाकीर हुसेन रुग्णालयातील प्राणवायूच्या टाकीला गळती लागली तेव्हाही बंब धावले, पण आग नव्हतीच. एका नोंदीला एकच वर्ग देण्याचा हट्ट सोडून ‘अपघात’ आणि ‘आग’ अशा दोन्ही खुणा करण्याची सोय संगणकीय नोंदीत सहज करता येते.

सिंहस्थाच्या वर्षी तर वर्दींचे प्रमाण काढताना ज्या लोकसंख्येने भागायचे, तो भाजकच बदलतो. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. कुंभमेळ्यातील पर्वणीला त्यात लाखो भाविकांची भर पडते आणि तपोवनातील साधुग्रामात तंबू, स्वयंपाकाचे सिलिंडर आणि तात्पुरती वायरिंग यांची नगरीच वसते. त्यामुळे २०१५ च्या वर्दींची तुलना २०१४ शी करण्यापेक्षा येत्या २०२७ च्या सिंहस्थाशी करणे योग्य, आणि तीही साधुग्रामातील वर्दी बाकीच्या शहरापासून वेगळ्या काढून, तंबूंची संख्या व त्या त्या दिवसाच्या गर्दीचा अंदाज शेजारच्या रकान्यात मांडून.