एकाच मार्गावर अनेक गाड्या: तुमचा शेवटचा डबा बोर्डाला दिसतो का?

मॉडेल रेल्वेचा मार्ग ब्लॉक नावाच्या तुकड्यांत विभागून एका ब्लॉकमध्ये एकच गाडी ठेवणाऱ्या आमच्या ब्लॉक कंट्रोल बोर्डाबद्दल सर्वांत जास्त येणारी तक्रार अशी: मागची गाडी थांबलीच नाही, पुढच्या गाडीच्या शेवटच्या डब्यावर जाऊन आदळली, रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) बिघडला आहे, बदलून द्या. असे परत आलेले बहुतेक बोर्ड तपासणीत ठणठणीत निघतात. बिघाड बोर्डात नसतो, शेवटच्या डब्याच्या चाकांत असतो. बोर्ड काढून पाठवण्यात आणि परत आल्यावर पुन्हा जोडण्यात जाणारे तुमचे दिवस वाचावेत म्हणून हे पत्रक. यातली सर्व माहिती १२ व्होल्ट डीसीवर, एकाच दिशेने चालणाऱ्या मार्गासाठी आहे.

बोर्डाला गाडी कशी दिसते

ब्लॉक भरला आहे की रिकामा, हे बोर्ड ओळखतो ते त्या ब्लॉकमध्ये जाणाऱ्या करंटवरून. ब्लॉकची वायर बोर्डावरच्या डायोडच्या जोड्यांमधून रुळापर्यंत जाते. करंट वाहिला की ब्लॉक भरलेला, नाही वाहिला की रिकामा. इंजिनाची मोटर करंट घेते, त्यामुळे इंजिन दिसते. दिवे नसलेला साधा डबा काहीच करंट घेत नाही. बोर्डाच्या लेखी तो डबा रुळावर नाहीच.

आता समजा इंजिन ब्लॉक २ मधून ३ मध्ये शिरले आणि सहा डबे अजून २ मध्येच आहेत. बोर्डाला ब्लॉक २ रिकामा वाटतो. तो ब्लॉक १ च्या थांब्याला (ब्लॉकच्या शेवटी गाडी थांबवणाऱ्या रुळाच्या तुकड्याला) वीज देतो, तिथे उभी असलेली गाडी निघते आणि त्या डब्यांवर जाते. बोर्डाने त्याचे काम चोख केलेले असते.

खऱ्या रेल्वेत हा प्रश्न येत नाही. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून करंट सतत वाहत असतो आणि गाडीचा कोणताही आस दोन्ही रूळ शॉर्ट करून रिले पाडतो. शेवटच्या डब्याचा आससुद्धा पुरतो, आणि वायर तुटली तरी सिग्नल लालच होतो. मॉडेलमध्ये त्याच रुळांतून इंजिनाला वीज द्यायची असते, त्यामुळे रूळ शॉर्ट करून चालत नाही आणि ओळख उलटी करावी लागते. म्हणून शेवटच्या डब्याच्या चाकांत थोडासा करंट घेणारा रेझिस्टर बसवून तो मुद्दाम दिसता करावा लागतो.

रेझिस्टर कुठे, किती आणि कसा

प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्याला किमान दोन रेझिस्टर आस (रेझिस्टर बसवलेले आस) हवेत, दोन्ही टोकांना एकेक, आणि त्यातला एक अगदी शेवटचाच आस हवा. मधल्या डब्यांनाही एकेक बसवला तर कपलिंग सुटून मागे राहिलेला डबाही पकडला जातो. चाके धातूचीच लागतात. प्लॅस्टिकची असतील तर चाकजोडीच बदला.

किती ओहमचा रेझिस्टर, इथेही बरेच जण चुकतात. १० किलोओहमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर १.२ मिलिअँपिअर घेतो, तो बोर्डाला दिसतो. पण गाडी सावकाश चालवण्यासाठी तुम्ही व्होल्टेज ४ वर आणले की तोच करंट ०.४ मिलिअँपिअरच्याही खाली जातो आणि बोर्डाला दिसण्यासाठी लागणाऱ्या किमान १ मिलिअँपिअरला पोहोचत नाही. गाडी वेगात असताना सगळे नीट, स्टेशनाजवळ सावकाश येताना टक्कर, हे त्याचे ठळक लक्षण. साध्या डीसी कंट्रोलरसाठी २.२ किलोओहम वापरा. १२ व्होल्टवरही त्यात जेमतेम ६५ मिलिवॉट खर्च होतात, जे ०८०५ आणि ०६०३ या दोन्ही आकारांच्या रेझिस्टरला सहज झेपतात. एचओ आकाराच्या मॉडेलसाठी ०८०५ घ्या, त्याहून लहान एन गेजसाठी ०६०३. पल्स देणारा कंट्रोलर असेल तर पल्सची उंची पूर्ण १२ व्होल्ट असते, तिथे १० किलोओहमही चालतो.

धातूच्या आसाच्या चाकजोडीत साधारणपणे एकच चाक इन्सुलेटेड असते. रेझिस्टर त्या चाकाजवळ आसावर थेंबभर गोंदाने चिकटवा, गोंद त्याच्या दोन्ही टोकांवर येऊ देऊ नका. गोंद वाळला की चांदीच्या कंडक्टिव्ह पेंटने एक टोक आसाला आणि दुसरे चाकाच्या आतल्या बाजूला जोडा. पेंट पूर्ण वाळल्यावर मल्टिमीटर दोन्ही चाकांना लावा. आकडा २.२ किलोओहमच्या आसपास यायला हवा. काहीच दाखवले नाही तर पेंटला तडा आहे, शून्याजवळ दाखवले तर पेंट पसरून शॉर्ट झाला आहे. हे मोजमाप टाळू नका.

हाताने बसवायचा कंटाळा असेल तर आमच्याकडे तयार, मोजून तपासलेल्या चाकजोड्या मिळतात. बोर्डाबरोबर प्रत्येक ब्लॉकमागे दोन दिलेल्या असतातच. त्या खोक्यात पडून राहतात आणि बोर्ड मात्र बसतो, असे होऊ देऊ नका.

इन्फ्रारेड सेन्सर का नाही

सेन्सर किंवा चुंबकावर चालणारा रीड स्विच स्वस्त पडतो आणि चाकांना हात लावावा लागत नाही, हे खरे. पण तो एकच बिंदू पाहतो. ब्लॉकच्या मध्यावर सुटलेला डबा त्याला कधीच कळत नाही, आणि खिडकीतून ऊन आले की इन्फ्रारेड सेन्सर फसू शकतो. करंटवरून ओळखणारा बोर्ड संपूर्ण ब्लॉकवर लक्ष ठेवतो. चाकांवरची थोडी मेहनत त्यासाठी मान्य करावी, असे आमचे ठाम मत आहे.

थांब्याचा तुकडा आणि ब्लॉकची संख्या

प्रत्येक ब्लॉकला एकाच रुळात दोन इन्सुलेटेड जॉइनर (वीज पुढे जाऊ न देणारे रुळाचे जोड) लागतात: एक ब्लॉकच्या हद्दीवर, दुसरा थांब्याच्या सुरुवातीला. दुसरा रूळ सलग ठेवा. सर्वांत लांब इंजिनाच्या पहिल्या आणि शेवटच्या पिकअप (रुळातून वीज घेणाऱ्या) चाकांमधले अंतर, अधिक वीज तुटल्यावर ते जितके घसरते तितके, अधिक एचओमध्ये १० सेंटिमीटर, इतका थांबा हवा. घसरणे सर्वाधिक वेगात मोजा. फ्लायव्हील असलेले इंजिन बरेच पुढे जाते. दिव्यांच्या डब्याच्या दोन्ही बोगींत पिकअप असतील तर तो जोडावर येताच थांब्याला मागून वीज पुरवतो आणि इंजिन लाल सिग्नल ओलांडून जाते. अशा डब्याचे पिकअप एकाच बोगीत ठेवा.

ब्लॉक गाड्यांपेक्षा किमान एकाने जास्त हवेत. पण तीन गाड्या आणि चार ब्लॉक असतील तर रिकामा ब्लॉक एकच, म्हणजे एका वेळी एकच गाडी हलणार. तीन गाड्यांना पाच ब्लॉक घ्या, मग खेळ रंगतो. प्रत्येक ब्लॉक सर्वांत लांब गाडीपेक्षा मोठा ठेवा.

हे बिघाड नव्हेत

ब्लॉक मोकळा असताना रिले कोमट लागतो. पुढचा ब्लॉक मोकळा असेल तरच रिले ओढलेला राहावा, अशी रचना आम्ही मुद्दाम केली आहे. बोर्डाचा पुरवठा गेला तर सगळ्या गाड्या थांबतात, सुटत नाहीत.

थांब्यावर उभ्या इंजिनाचा एलईडी मंद उजळतो. उभे इंजिन बोर्डाला दिसत राहावे म्हणून रिलेच्या संपर्कावर २.२ किलोओहम जोडलेला आहे. त्यातून जाणाऱ्या करंटवर मोटर फिरत नाही.

खडी ओल्या गोंदाने नुकतीच चिकटवली असेल तर ब्लॉक रिकामा असूनही भरलेला दिसतो. खडी पूर्ण वाळू द्या.

डीसीसी (डिजिटल कंट्रोल) मांडणीत मात्र हा बोर्ड वीज तोडण्यासाठी वापरू नका. इंजिनातल्या डिकोडरची (डिजिटल आज्ञा ओळखणाऱ्या सर्किटची) वीज गेली की आवाज आणि दिवेही जातात. त्यासाठी असमान व्होल्टेजने ब्रेक लावणारा वेगळा बोर्ड आम्ही देतो. आपले डिकोडर ते ओळखतात का आणि डिकोडरच्या सीव्ही २७ या सेटिंगमध्ये ती सोय चालू आहे का, हे आधी पाहा.

चालवण्याआधीची चाचणी

सर्व इंजिने उचलून ठेवा. कंट्रोलर ४ व्होल्टवर लावा. फक्त शेवटचा डबा ब्लॉक १ मध्ये ठेवून हाताने पुढे ढकलत संपूर्ण फेरी मारा. प्रत्येक ब्लॉकचा दिवा लागला पाहिजे आणि त्याच्या मागच्या ब्लॉकचा थांबा लाल झाला पाहिजे. ब्लॉक १ मध्ये डबा असताना शेवटच्या ब्लॉकचा थांबा लाल होत नसेल, तर शेवटच्या ब्लॉकपासून पहिल्याला जाणारी वायर राहिली आहे; ती हमखास विसरली जाते. प्रत्येक गाडीच्या शेवटच्या डब्याने अशी एकेक फेरी झाली की मगच दोन इंजिने रुळावर ठेवा.

एवढे करूनही अडले तर बोर्ड काढू नका. मांडणीचे हाताने काढलेले चित्र, कंट्रोलरचा प्रकार आणि शेवटच्या डब्याच्या चाकांमध्ये मल्टिमीटरने दाखवलेला आकडा आम्हाला कळवा.