सर्व्हरवर विनादेखरेख ऑफिस चालवणं

वेबसाइटवर कोणीतरी बटण दाबलं की मागे सर्व्हरवर एक्सेल उघडतं, आकडे भरतं, पीडीएफ काढून देतं, समोर बसलेलं कोणीच नाही, याला सर्व्हर-साइड ऑफिस ऑटोमेशन म्हणतात. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर हे लगेच चालून जातं आणि तिथेच माणूस फसतो. मायक्रोसॉफ्टने आपल्या सपोर्ट लेखात (क्रमांक २५७७५७) सरळ लिहून ठेवलंय की विंडोज सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्राम) किंवा एएसपी डॉट नेट (मायक्रोसॉफ्टचं वेबसाइट बनवायचं तंत्र) यांमधून असं काही करा असं आम्ही सांगत नाही आणि सपोर्टही देत नाही, तरी लोक करतातच, कारण ऑफिसचे पैसे आधीच भरलेले असतात आणि साहेबांना रिपोर्ट उद्या सकाळी हवा असतो.

मूळ अडचण अशी की ऑफिस बनवलंय तेच समोर माणूस बसलाय असं धरून. फाइल उघडली, आतल्या लिंक अपडेट करायच्या का असा डायलॉग आला, आपण ओके दाबतो आणि विसरतो. सर्व्हरवर तो ओके दाबणार कोण? विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून सर्व्हिसेस सेशन झिरो नावाच्या, माणसाच्या स्क्रीनपासून तोडलेल्या जागेत चालतात, त्यामुळे तो डायलॉग लॉगिन केलेल्या माणसाला दिसतही नाही, एक्सेल आपलं उत्तराची वाट बघत बसतं. कोडमध्ये डिस्प्लेअलर्ट्स ही सेटिंग फॉल्स म्हणजे बंद केली की बरेच डायलॉग गप्प होतात, सगळे नाही. मग कधीतरी सर्व्हर का रखडलाय म्हणून टास्क मॅनेजर उघडावा तर एक्सेलच्या वीस-पंचवीस प्रोसेस पडलेल्या, खिडकी एकीचीही नाही. यातल्या काही डायलॉगवर अडकलेल्या असतात, काही कोडने कॉम ऑब्जेक्ट (एक्सेल हाताळायला धरलेले दुवे) नीट न सोडल्यामुळे क्विट म्हणूनही न गेलेल्या. रात्रीच्या वेळी त्या सगळ्या प्रोसेस किल करणारं स्क्रिप्ट लावणं हा आपल्याकडचा लाडका उपाय, पण त्यात चालू असलेलं कामही मरतं.

दुसरी भानगड युजर प्रोफाइलची. ऑफिसला रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग्जची नोंदवही), टेम्प फोल्डर, डिफॉल्ट प्रिंटर असं सगळं युजरच्या नावावर लागतं, आणि सिस्टम अकाउंटकडे (विंडोजचं स्वतःचं खातं, ज्याच्या नावावर सर्व्हिस चालवतात) यातलं बरंचसं नसतं. त्या अकाउंटच्या सिस्टमप्रोफाइल फोल्डरच्या आत डेस्कटॉप नावाचं रिकामं फोल्डर बनवलं की न उघडणारी एक्सेल फाइल उघडायला लागते, हा तोडगा वर्षानुवर्षं एकमेकांना सांगितला जातोय. चालतो, पण अशा टेकूवर पगारपत्रकं सोडू नयेत असं माझं मत. शिवाय एकाच वेळी भरपूर रिक्वेस्ट झेलायची ऑफिसची रचनाच नाही, दहा जणांनी बटण दाबलं की रांग लागते.

सिक्युरिटीकडे मात्र कोणी बघत नाही. कोडमधून फाइल उघडली तर मॅक्रो (फाइलमध्येच लिहिलेला कोड) डिफॉल्टने चालू राहतात, म्हणजे बाहेरच्याने अपलोड केलेली फाइल थेट सर्व्हरवर कोड चालवू शकते. ऑटोमेशनसिक्युरिटी प्रॉपर्टीने ते बंद करावं लागतं.

ऑफिस २००७ पासूनच्या फाइल्स म्हणजे झिपमध्ये बांधलेलं एक्सएमएल (खुणा घालून लिहिलेला साधा मजकूर), त्यामुळे नुसती फाइल बनवायला ऑफिस लागतच नाही. ओपन एक्सएमएल एसडीके किंवा जावात अपाची पीओआय ही तयार कोडची लायब्ररी पुरते. पीडीएफसाठी लोक लिबरऑफिस हे फुकट ऑफिस हेडलेस मोडमध्ये, म्हणजे खिडकी न उघडता, चालवतात. तेही शेवटी डेस्कटॉपचंच सॉफ्टवेअर, एकाच प्रोफाइलवर दोन कन्व्हर्जन एकदम सोडली तर बऱ्याचदा एक निमूटपणे काहीच करत नाही, म्हणून प्रत्येकाला वेगळं प्रोफाइल द्यावं लागतं. आणि सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट टाकायचा राहिला तर पीडीएफमध्ये मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन येतात.