पाण्यात बोटं सुरकुततात, ती परासरणामुळे नाही

भांडी घासून झाली की बोटांची टोकं मनुक्यासारखी दिसतात. शाळेपासून ऐकलेलं उत्तर ठरलेलं: कातडी परासरणाने पाणी शोषते, फुगते आणि जागा न पुरल्याने तिला घड्या पडतात. पटतं खरं, पण मुख्य कारण ते नाही.

आधी परासरण नीट पाहू. मनुका पाण्यात टाका. तिची साल अर्धपारगम्य पडद्यासारखी वागते, म्हणजे पाणी सहज जाऊ देते, साखर मात्र जवळजवळ अडवते. आत साखर दाट, म्हणून पाणी आत जातं आणि मनुका टम्म फुगते. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की उलटं होतं, पेशींतलं पाणी बाहेर सुटतं. इथे पाणी ‘ओढणारी’ कुठली शक्ती नसते. पाण्याचे रेणू दोन्हीकडे ये-जा करत असतात, फक्त विरळ बाजूकडून दाट बाजूकडे जाणारे जास्त.

आता बोटं. 1930च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की हाताची मध्यम नस (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) निकामी झालेल्या रुग्णाची त्या भागातली बोटं पाण्यात सुरकुततच नाहीत. कातडी तीच, पाणी तेच! नुसतं परासरण असतं तर नसेचा संबंध काय? प्रत्यक्षात नसांच्या हुकमाने बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आतला गर कमी होतो आणि वरची कातडी आत ओढली जाते. म्हणजे बोट फुगत नाही, आतून किंचित आटतं. म्हणूनच नसांचं काम तपासायला डॉक्टर कधी कधी बोटं कोमट पाण्यात बुडवून ठेवायला सांगतात.